सोडियमची टोपी

३ ऑक्टोबर
बगीला किझिलोर्दाला गेली, माझ्या मेहुणीकडे. चार दिवस राहून येईल. घर शांत. कामाला उत्तम. पुढच्या आठवड्यात आठवीवर माझा खुला पाठ: आयनिक बंध. जिल्ह्याचे साहेब येणार. पसंत पडला की रसायनशास्त्र माझ्याकडेच. नाहीतर त्या नव्या शिक्षिकेकडे, दिनाराकडे. पण तो प्रश्नच नाही.

५ ऑक्टोबर
सोडियम क्लोरीनमध्ये जाळून दाखवणार होतो. बरणीतलं रॉकेल उडालंय, सोडियमवर पांढरी पुटं. क्लोरीनला तर उपमुख्याध्यापिका कुल्याशबाई सरळ नाही म्हणाल्या. "नुर्कान सर, पोरं जिवंत घरी जायला हवीत." हरकत नाही. टोप्यांनी शिकवीन. टोपी म्हणजे इलेक्ट्रॉन.
जेवण: पाव, चहा. भूक नव्हती.

९ ऑक्टोबर
रंगीत तालीम. सोडियम झालेल्या पोराकडे बाहेरच्या कक्षेत एकच टोपी, क्लोरीन झालेल्या पोरीकडे सात, तिला आठवी हवी. त्याने द्यायची, तिने घ्यायची. तो धन, ती ऋण. मग हात धरायचे. धरायला कोणी तयार नाही.
मेइरिमने विचारलं, "सर, तिला टोपी मिळाली. त्याला काय मिळालं?"
"स्थैर्य."
"उघड्या डोक्याने?"
वर्ग हसला. मीही हसलो असेन.
बगीलाला फोन लागत नाही. नेटवर्क.

११ ऑक्टोबर
पाठ झाला. मॅग्नेशियम झालेल्या साबितने दोन टोप्या दोन क्लोरीनना द्यायच्या होत्या. एक दिली. दुसरी कोल्ह्याच्या कातड्याची. "आजोबांची आहे, नाही देणार!" क्लोरीन रडायला लागली. साहेबांनी विचारलं, टोपी दिल्या-घेतल्यावर हे दोघं एकमेकांना धरून का राहतात? उत्तर मला पाठ आहे. मी फळ्यावर 'सोडियम' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मागून दिनारा म्हणाली, "एक धन, एक ऋण. विरुद्ध भार ओढतात. ती ओढ म्हणजेच बंध."
एकंदरीत छाप पडली.

१४ ऑक्टोबर
रसायनशास्त्र दिनाराकडे. मला पाचवीचं निसर्गविज्ञान. कुल्याशबाई म्हणाल्या, जरा विश्रांती घ्या. म्हणजे कदरच.
संध्याकाळी मेहुणीचा फोन. बगीलाचा हिवाळी कोट आणि शिवणयंत्र बसने पाठवा म्हणाली. मी म्हटलं, यंत्र कशाला? ती म्हणाली, "भावोजी, तिने इथे शिवणकामाचं दुकान घेतलंय. निघायच्या आधी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत."
हलवली असेन.
यंत्र जड आहे. उद्या शेजाऱ्याला हात लावायला सांगतो.