निळ्या गाडीच्या पोटाखालचं मीठ

प्रिय रोझेर,

गाडी सुखरूप आहे. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं तू वाचणारच नाहीस. तुझी निळी गाडी आपल्या मारीझच्या दारासमोर, उघड्यावर, बर्फाच्या ढिगाला टेकून उभी आहे. काल फोनवर तू तीनदा गाडीचं विचारलंस आणि पोटच्या पोरीच्या मोडलेल्या पायाचं एकदाही नाही. फोन आपोआप कटला असं तुला वाटलं असेल, तर तसं नाही. मीच आपटला.

तू तुझ्या दोस्ताबरोबर, नोर्मांबरोबर, गोठलेल्या खाडीवर मासे धरायला गेलास आणि मी तळघरातून, बटाट्यांच्या पोत्याशेजारून, तू दर हिवाळ्यात काढून ठेवतोस ती निळ्या गाडीची बॅटरी उचलून वर आणली. दुसरं काय करणार? तुझ्या हिवाळी ट्रकचं इंजिन नाताळापासून जमिनीवर पसरलंय. 'हिला काय जमणार' अशी तुझी खात्री, म्हणून तर निळ्या गाडीची किल्ली सरळ खिळ्याला टांगलेली असते. बर्फाची टायरं शेजारच्या इव्होननं दिली, तिच्या नवऱ्याच्या गाडीची. तो गेल्यापासून पडूनच होती. दोन म्हाताऱ्या आणि एक जॅक. इव्होन म्हणाली, "जिझेल, रोझेर तुला घराबाहेर काढेल हो." मी म्हटलं, "त्याला कशाला त्रास, मी आपणहूनच निघालेय." दोघी इतक्या हसलो की चौथं चाक बसवायला हातात जोर उरला नाही. तव्याखाली चिठ्ठी ठेवली, सूप करून ठेवलं आणि निघाले. चिठ्ठी वाचून तू चर्चमधल्या एकूण एक पवित्र भांड्याचं नाव घेऊन शिव्या घातल्यास म्हणे. इव्होनच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेल्या.

तुझ्या तेलाला मी कधी नावं ठेवली नाहीत. चाळीस वर्षं दर ऑक्टोबरात, हिवाळ्यातल्या रस्त्यांवरच्या मिठानं पत्रा गंजू नये म्हणून, अख्खं गाव आपापल्या गाड्या घेऊन तुझ्या शेडसमोर रांग लावतं. तुझ्या अंगाचा तो वास माझ्या उशांनाही लागलाय. आपल्या गाडीला खालून तेल मारून झालं की आपण तिघं खाणीकडच्या कच्च्या रस्त्यानं जायचो, काचा घट्ट लावून, ओल्या तेलावर धूळ बसावी म्हणून. "आता हिनं स्वेटर घातला," तू म्हणायचास आणि मागच्या सीटवर मारीझ टाळ्या पिटायची. दाराखालची पाणी जायची भोकं बुजली की गाडी आतून सडते, हे त्या पोरीला पाढ्यांच्या आधी यायचं. तुझ्याशेजारी पाठीवर पडून शिकली ती. शेड तिच्याच नावावर व्हायची होती, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि ती गेली बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकवर, चालक म्हणून. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात तिनं ते सांगितलं तेव्हा तू मांस भरलेली तुर्तिएर कापत होतास. सुरी तशीच ठेवलीस. "मी जन्मभर लोकांच्या गाड्या मिठापासून वाचवल्या, आणि माझीच पोरगी मीठ पेरत फिरणार?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही गाड्या वाचवता. मी आतली माणसं वाचवते." खरं बोलली, म्हणूनच तुला इतकं झोंबलं. तेव्हापासून तिचा फोन आला की तुला शेडमध्ये काहीतरी काम निघतं. दोन वर्षं मी तुमच्या दोघांमध्ये निरोप पोचवत बसले. आता नाही. या वयात पोस्टमन व्हायची मला हौस नाही.

गेल्या आठवड्यात जंगलातल्या पार्कमधून जाणाऱ्या हमरस्त्याच्या चढावर तिचा ट्रक घसरून चरात गेला. बातमी ऐकून तू काय म्हणालास, ते मी विसरणार नाही. "मिठाच्या वाटेला गेली, मिठानंच खाल्लं." वर आणखी, "मे महिन्यात जाऊ. पावसानं रस्ते धुऊन निघू देत." पोरीच्या जखमेवर इतकं मीठ तर सरकारी ट्रकही टाकत नाही. अरे, मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या पुढे मीठ टाकायला कुणी नसतं. सगळ्यांच्या आधी ती जाते, नुसत्या बर्फावरून. मागून येणारे आपण तिच्या जिवावर घरी पोचतो.

मीही तशीच पोचले. पार्कात वारा गाडीला ढकलत होता, रस्ता कुठला आणि चर कुठला ते दिसत नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? मग पुढे मीठ टाकणारा ट्रक लागला. मिठाच्या ट्रकपासून लांब राहायचं, हा तुझा नियम. मी मुद्दाम जितकं जवळ जाता येईल तितकं गेले. मिठाचे खडे तुझ्या लाडकीच्या पोटावर ताडताड वाजत होते आणि मी मोठ्यानं गात होते.

आता मुद्द्याचं ऐक; फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहितेय. कोपऱ्यावर गाडी खालून धुऊन देणारं दुकान आहे. मारीझ स्वतः मला म्हणाली, "आई, आधी गाडी धुऊन आण. बाबांचा जीव तिथं तुटत असेल." पाय प्लास्टरमध्ये, आणि काळजी तुझी! मी नाही म्हटलं. गाडीच्या पोटावर अख्ख्या पार्कचं मीठ आहे आणि मी त्यावर पाण्याचा थेंब पडू देणार नाही. कडाका आहे तोवर मीठ झोपलेलं असतं आणि हवा सैल होऊन बर्फ पाघळला की पत्रा खायला उठतं, हे तूच सांगतोस ना? गुरुवारपासून हवा सैल होणार आहे. सकाळची बस पकड. इव्होन तुला थांब्यावर सोडेल, मी तिला सांगून ठेवलंय. अंगावर जुने कपडे घाल. किल्ली माझ्याकडे नाही, मारीझकडे आहे. ती खाली उतरू शकत नाही, तेव्हा तुला जिना चढून वर यावं लागेल आणि तिच्याशी बोलून ती मागावी लागेल.

तुझीच, आणि जागची न हलणारी,
जिझेल