डाव्या हातातली पिशवी

प्रिय सुमन,

तू गेल्यावर तुला लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण भीती वाटतेय, आणि ही भीती सांगायला दुसरं कोण आहे मला? रविवारी आपला नितीन मला कायमचं ठाण्याला न्यायला येतोय. आणि मंगळवारी, सगळ्यांसमोर, माझा हात उठला गं!

आठवतं, लग्नाला तीन वर्षं झाली होती. तू माहेरहून एक दिवस आधी आलीस आणि मी तुझी अबोली साडी नेसून आरशासमोर! दोन दिवस तू बोलली नाहीस. मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणालीस, "निऱ्या उलट्या घातल्या होत्यात. इकडे या, दाखवते." सुमन, शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ आहेत, पण इतकी सुंदर ओळ त्यांत एकही नाही.

घरातलं घरातच राहिलं असतं. पण हातांना कुठे कळतं, अंगावर साडी आहे की पँट? डोंबिवलीच्या पुलावर पायऱ्या चढताना माझा डावा हात निऱ्या उचलायला खाली गेला, तो तू पाहिलास. घाईघाईने आपली कापडी पिशवी माझ्या हातात कोंबलीस. "अहो, पिशवी धरा!" त्या दिवसापासून तू जाईपर्यंत बाहेर पडताना ती रिकामी पिशवी माझ्या डाव्या हातात असायचीच. लोक म्हणायचे, काय हौस आहे यांना बाजाराची!

उजव्या हाताचा मात्र विचार केला नाहीस बघ.

मंगळवारी आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता म्हणायच्या होत्या. सामान बांधायला आलेले नितीन आणि सूनबाई अश्विनीही ऐकायला आले. मी चौथीतली म्हटली, सासरी निघालेल्या मुलीची. म्हणता म्हणता तो वर्ग आला, खडूचा वास आला, बाकावर मान खाली घालून रडणारा मी आलो. आणि उजवा हात खांद्याकडे गेला, तिथे नसलेला पदर ओढला आणि डोळ्यांना लावला.

"अहो कविराज, पदर घरी विसरलात की काय?" जोग ओरडले. सगळा कट्टा हसला. मीही हसलो.

नितीन हसला नाही. "बाबा, काय हे!" एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. ठाण्याच्या घरात दार लावून घ्यायला मला खोली तरी असेल का? त्याला कळलं तर तो नातीला माझ्या मांडीवर बसू देईल का?

आणि मग, घरी येताना जिन्याशी, अश्विनीने पर्समधून एक घडी केलेली पिशवी काढली.

"बाबा, धरा."

"काय आहे त्यात?"

"काही नाही. डाव्या हातात धरा."

सुमन, तू तिला सांगितलंस? कधी? हॉस्पिटलमध्ये मला तीनतीनदा चहा आणायला पाठवत होतीस, तेव्हा? मग मला का नाही सांगितलंस? तीन दिवस झाले, घास उतरत नाही. ती नितीनला सांगेल का? की सांगितलंय? सुनेच्या नजरेला नजर द्यायची कशी?

आज सकाळी अबोली साडी अश्विनीने दिलेल्या पिशवीत घालून खाडीवर गेलो. निर्माल्य टाकायला लोक जातात तसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डाव्या हातातली पिशवी जड लागली. मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, टाकायचं तर टाका, नाहीतर सरका ना!"

मी सरकलो. साडी घेऊन परत आलो.

आता ऐक, वचन देतो. नितीनला सांगायचं धैर्य माझ्यात अजून नाही, खोटं कशाला बोलू? पण रविवारी ठाण्याला पोचलो की अश्विनीच्या हातात ती पिशवी देईन. या वेळी भरलेली. तिने आत पाहून तोंड फिरवलं तरी मी तिथून हलणार नाही. आणि तिने विचारलंच, तर सांगेन की निऱ्या मला तिच्या सासूने शिकवल्या.

अक्षर समजून घे.

तुझाच,
वसंत