रंगीत लोकांची खोली

१२ जानेवारी, रविवार

आज इंग्रजीच्या क्लासमध्ये फजिती! शर्मिला मॅडमनी कादंबरी सुरू केली — अमेरिकेतली, जुनी. म्हणाल्या, परीक्षेचे उतारे पाठ करून परदेशात नर्स होता येईल, पण इंग्रजी येणार नाही. एक अख्खं पुस्तक वाचा.

सुरुवातीलाच रेल्वे स्टेशन. तिथे 'कलर्ड' लोकांची वेगळी वेटिंग रूम. प्रेमलाने हात वर केला, "मॅडम, कलर्ड म्हणजे रंगवलेली ना? छान असेल!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर मनातल्या मनात भिंती गुलाबी करून टाकल्या होत्या.

मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं — काळ्या लोकांची खोली. गोऱ्यांच्या खोलीत त्यांना पाय ठेवायला बंदी.

मी वहीत 'कलर्ड'पुढे लिहिलेलं 'रंगीत' खोडलं.

१४ जानेवारी

ड्युटीवरून आल्यावर पुढचं वाचलं. डिक्शनरी उघडून, रडतखडत. 'मिडवाइफ' मात्र बघावं लागलं नाही! गोष्टीतली बाई सुईण आहे. काळी. गोऱ्यांच्या घरी बाळंतपणं करते, पण आत जायचं मागच्या दाराने.

पुस्तक मिटलं. आजी आठवली.

१८ जानेवारी, शनिवार

विजयमालाकाकूंकडे हळदीकुंकू. प्रेमला आणि मी त्यांच्याच एका खोलीत भाड्याने राहतो — ती साताऱ्याकडची, मी जालन्याकडची, एकाच हॉस्पिटलात नोकरी. नेरूळमध्ये दोघींना परवडेल अशी जागा मिळणं सोपं नाही. आणि काकू जीव लावतात, खरंच. मला ताप होता तेव्हा दोन्ही वेळची पेज त्यांनीच केली.

तिळगूळ देताना एका बाईंनी विचारलं, "ही कुठली गं? आपल्यातलीच ना?"

"हो तर! आपल्यातलीच," काकू म्हणाल्या.

मी तिळगुळाचा लाडू अख्खा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

बाबासाहेबांचा फोटो माझ्या बॅगेत आहे. कपड्यांखाली.

१९ जानेवारी, रविवार

आजचं प्रकरण फार वाईट. सुईणीची स्वतःची मुलगी अडते. रक्त थांबत नाही. हॉस्पिटल समोर आहे, पण गोऱ्यांचं. दार उघडत नाहीत. पोरगी पायरीवरच जीव सोडते. ते हॉस्पिटल चालवणारा डॉक्टरही ह्याच सुईणीच्या हातावर जन्मलेला!

वर्गात मुसमुस सुरू झाली. आम्ही सगळे नर्स — रक्त थांबत नाही म्हणजे काय, ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

मॅडमनी विचारलं, "असं मागचं दार आपल्याकडे पाहिलंय कोणी?"

रणजीत म्हणाला, "पूर्वी असायचं मॅडम. आता कोण मानतं!" सगळे हो हो म्हणाले.

मी उभी राहिले. कशी ते माहीत नाही. "माय ग्रँडमदर वॉज मिडवाइफ" — असं काहीतरी सुरू केलं. तिचं नाव भिमाबाई. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. नाळ कापेपर्यंत ती चालायची. मग ती अंगणातून बाहेर पडायच्या आत घरात गोमूत्र शिंपडायचे. वी आर बुद्धिस्ट. सगळं बोलले. व्याकरणाची पार वाट लागली!

मराठीत तोंडच उघडलं नसतं. इंग्रजी शब्दांना माझ्या लेखी अजून कसला वास लागलेला नाही.

घरी येईपर्यंत प्रेमलाने माझा हात सोडला नाही. रडून डोळे लाल. "मला आधी का नाही सांगितलंस गं?"  

फोटो बॅगेतून काढला. टेबलावर ठेवला. हलकं वाटलं.

२४ जानेवारी

काकू स्वतः चहा घेऊन खोलीत आल्या. "अक्षता, बाळा, गावाहून माझा भाऊ यायचाय. जागा लागेल गं. महिनाअखेरपर्यंत बघ कुठे जमतंय का."

फक्त माझी कॉट रिकामी व्हायची आहे. प्रेमलाची नाही. म्हणजे भाऊ प्रेमलाशेजारी झोपणार? 

काकू टेबलाकडे बघतच नव्हत्या. प्रेमला खाली मान घालून बसली होती.

२५ जानेवारी

प्रेमलानेच काकूंना सांगितलं. दुसरं आहे कोण! डबा एकटीने खाल्ला.

३१ जानेवारी, शुक्रवार

चंद्रशेखरमामा कळंबोलीहून टेंपो घेऊन आला. माझं सामान ते केवढं — तरी काकू जिन्यापर्यंत आल्या, सांभाळून जा म्हणाल्या, डब्यात चिवडा दिला. घेतला. नाही म्हणता आलं नाही, ह्याचाच राग येतोय.

प्रेमला बॅग उचलायला पुढे झाली. "राहू दे," म्हटलं. मागे वळून पाहिलं नाही.

मामाच्या घराला लागूनच ट्रक उभे असतात. कानठळ्या बसतात. मामीने आल्या आल्या फोटो माझ्या हातातून घेतला आणि भिंतीवर लावला. "इथे नीट दिसतो," म्हणाली. बस्स, एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

क्लास सुटल्यावर प्रेमला जिन्यात थांबली होती. हो, तिनेच सांगितलं काकूंना. चुगली म्हणून नाही — अभिमानाने! कादंबरीतली सुईण, मग माझी आजी, सगळी गोष्ट. तिला वाटलं, आपण रडलो तशा काकूही रडतील.

रडल्या, म्हणाली. पदराने डोळे पुसले. मग तिलाच म्हणाल्या, "लगेच नको जा म्हणायला. महिनाअखेरपर्यंत राहू दे पोरीला."