मोनीचं पातेलं

देवळाली प्रवरा
१० फेब्रुवारी

प्रिय मोनिका,

बाबांना माती देऊन आपण कब्रस्तानाच्या फाटकापाशी आलो, तेव्हा तू मला एकच विचारलंस: बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का? मी नाही म्हणाले. तू पदर सावरलास आणि अंगदरावांच्या गाडीवर बसून कोल्हारला निघून गेलीस. त्याला तीन आठवडे झाले. ते 'नाही' माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलंय. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी पुन्हा पळ काढीन, म्हणून लिहिते आहे.

नाताळचं आपलं धुरावरचं डुकराचं मटण तुला आठवत असेलच. बाबा लष्कराच्या मेसमध्ये आचारी होते, तिथून आणलेली विद्या ती. मिठवणी करायची म्हणजे खडे मीठ, गूळ, मिरी, ठेचलेला लसूण पाण्यात उकळून पार गार करायचं, मीठ पुरेसं झालंय ना म्हणून कच्चं अंडं सोडून ते तरंगतंय का बघायचं आणि मग मोठ्या बरणीत अख्खी मांडी त्यात बुडवून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. रोज सकाळी तिची कूस बदलायची, नाहीतर एकीकडे खारट नि एकीकडे पाणचट. ते काम माझं. पाचव्या दिवशी परसात पत्र्याच्या पिंपात पेरूची लाकडं आणि उसाची चिपाडं धुमसत ठेवून दिवसभर धूर द्यायचा. गुळामुळे चरबीवर जी तांबूस, कुरकुरीत कड यायची ती मात्र तुझी. कूस बदलणारी मी आणि कड खाणारी तू, असं मी हसून म्हणायचे. मी हसत नव्हते गं.

तुझं सासर माळकरी. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला बाबांनी नेहमीसारखी ती कड तुझ्या ताटात वाढली आणि तू ताट मागे सारलंस. आता मला चालत नाही, म्हणालीस. मग आमचं घर तरी कसं चालतं, असं बाबा बोलून गेले. नवे जावई अंगदराव बिचारे खाली मान घालून बसले. तू उठलीस ती सहा वर्षं आली नाहीस. तुझंही चुकलं, त्यांचंही चुकलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्यात माझं नाव कधी घेतलं नाही.

यंदा बाबा अंथरुणाला खिळलेले, तरी नाताळला धूर झालाच पाहिजे हा हट्ट. ते खाटेवरून सांगत होते, मी करत होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांचीही कूस बदलायची. एकदा म्हणाले, आता मी चांगला मुरलो असेन. आम्ही दोघं खूप हसलो. मिठवणीची बरणी चिरली होती म्हणून मी माळ्यावरचं नवं स्टीलचं पातेलं काढलं. मांस त्यात सोडताना बाबांनी पाहिलं. सकाळपासून मोठ्यानं सूचना देणारा माणूस मला हळूच म्हणाला, "सत्या, ते मोनीचं हाय." नाताळला त्यांनी घाससुद्धा तोंडात घेतला नाही. पुढचे दिवस नुसती पेज, आणि वीस जानेवारीला गेले.

आता ऐक. तू रागावून गेलीस त्याच आठवड्यात बाबा राहुरीला जाऊन ते पातेलं घेऊन आले होते. त्यात मांस-अंडं कधी शिजवायचं नाही, मोनी आली की तिचा वरण-भात त्यातच करायचा, असं मला बजावलं आणि तुला फोन करून बोलावून घ्यायला सांगितलं. स्वतः करायची त्यांना लाज वाटत होती. मी फोन केलाच नाही. त्यांना सांगितलं, मोनिका येत नाही म्हणते. दर नाताळला ते विचारायचे आणि दर नाताळला मी तेच सांगायचे. सगळं करायचं मी, आणि नवं पातेलं मात्र तुला, हे मला सोसलं नाही. मोनी, बरणीसुद्धा चिरली नव्हती. ती तिच्या जागी धडधाकट होती. बाबा सहा वर्षं तुझ्याबद्दलच बोलत होते, आणि तू त्यांना माफ केलं नाहीस असं समजून गेले. पातेलं मी चिंच लावून, राखेनं घासून रोज उन्हात ठेवते. लसणाचा वास अजून जात नाही.

तुझीच म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझीच,
ताई