बदकाच्या पोटावरचं नाव

३ नोव्हेंबर, शनिवार

बदकच ठरलं! आळीचा फुगा बांधणाऱ्या साई लोनने हत्तीचा हट्ट सोडला एकदाचा. गेल्या वर्षी आमच्या हत्तीची सोंड पेटली आणि वरच्या आळीची पोरं आठवडाभर आम्हाला बघून नाकापुढे हात सोंडेसारखा हलवत होती. यंदाच्या फुग्यांच्या जत्रेत आमची विहाराखालची आळी पांढऱ्या बदकाचा कागदी फुगा उडवणार. कागद आलाय, बांबू आलाय. चिकटवायचं काम माझ्या अंगणात. तोफूचा गाडा दुपारनंतर बंद ठेवीन. नवरा गेला तेव्हा या माणसांनी महिनाभर माझ्या घरात भात कमी पडू दिला नाही. अंगण काय, घर मागितलं तरी देईन.

५ नोव्हेंबर, सोमवार

चिठ्ठ्या यायला लागल्या. आमच्या आळीची रीतच आहे — गेलेल्या माणसाचं नाव कागदावर लिहायचं आणि फुग्याला चिकटवायचं. फुगा वर गेला की पुण्य त्या माणसापर्यंत पोचतं. शेजारच्या मा न्वेने नवऱ्याचं नाव आणलं, सासूचं आणलं, वर मांजराचं!

"मांजर कशाला गं?"

"नवऱ्यापेक्षा त्याचा जीव होता माझ्यावर."

हसून हसून पोट दुखलं. मग तिनं हळूच विचारलं, "थान हेइनचं लिहायचं का?" मी खळीचं भांडं आदळलं आणि आत निघून गेले.

माझा मुलगा आहे तो! थायलंडला मासेमारीच्या बोटीवर गेला. दोन वर्षं झाली, फोन नाही. ती बोट बुडाली म्हणे. कुणी पाहिली बुडताना? कुणी नाही. नाव चिकटवलं की तो मेला — आणि तेही माझ्या हातानं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पण गेलाच असेल तर? सगळ्यांच्या माणसांना पुण्य, मा न्वेच्या मांजरालाही पुण्य, आणि माझंच लेकरू रिकाम्या हातानं?

१० नोव्हेंबर, शनिवार

विहाराच्या पटांगणात चाचणी झाली. खालून मशाली धरल्या, बदक फुगलं, मान ताठ केली, बूड जरा उचललं — आणि बसलं! परत मशाली. परत बसलं. अंडं घालायला बसावं तसं!

साई लोन भडकला. "ही नावं काढा आधी! बदक आहे की वर्तमानपत्र? या खळीचंच किती वजन झालंय!"

सगळ्या बायका तुटून पडल्या. सगळ्यांत मोठा आवाज माझा. चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या होत्या लोकांनी, विश्वासानं. मेलेल्या माणसाचं नाव कुणी ओरबाडून काढतं का?

साई लोन डोकं धरून बसला. मग म्हणाला, "ठीक. मग बदकाचं पोट वाढवा."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, पोट वाढलं की कागद वाढणार, कागद वाढला की वजन!"

त्यानं माझी तोफूची दोन पातेली मागवली. मोठं पातेलं लहानाच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद. "काकू, मोठ्यात लहानाच्या किती पट मावतं?" आठ पट — हे मला झोपेतही सांगता येईल. मग त्यानं दोन्ही पातेल्यांना कागद गुंडाळून दाखवला. मोठ्याला चौपटच लागला. "कागद चौपट, हवा आठपट. वजनापेक्षा जोर जास्त वाढतो. कळलं?"

कळलं! इतकी वर्षं ती पातेली घासतेय, पण असा विचार कधी केला नव्हता. कुणाचंही नाव काढायला लागलं नाही.

१४ नोव्हेंबर, बुधवार

पोट वाढतंय. वरच्या आळीची पोरं कुंपणाशी येऊन ओरडली, "हे बदक आहे की गाभण म्हैस?" मा न्वे म्हणाली, "पिल्लू झालं की तुमच्याकडेच पाठवते सांभाळायला!"

मला वाटायचं आभाळ फुग्याला ओढून घेतं. आज साई लोनला तसं म्हटलं, तर म्हणाला, "वरून कुणी ओढत नाही, काकू. आतली तापलेली हवा हलकी. बाहेरची गार, जड. ती जड हवा खालून रेटते. म्हणून पहाट जितकी गार तितकं बरं. मी सकाळचा पहिला नंबर मागून घेतलाय."

खालून रेटणारी गार हवा दिसत तर नाही. माझ्या गाड्याची चूल मी आजारी असताना कोण पेटवून जायचं, तेही मला उशिराच कळलं होतं. मा न्वे.

१८ नोव्हेंबर, रविवार

नवीन पोट कोरं आहे. एकही नाव नाही त्यावर. दिवसभर माझी नजर तिथेच.

शेवटी विहारात जाऊन भन्तेंना विचारलं. जिवंत माणसाच्या नावानं पुण्य पाठवलं तर पाप लागतं का? ते म्हणाले, "दारात भात ठेवला, तर भुकेलेला खातो. तो आधी विचारतो का, माझं नाव यादीत आहे का?"

परत आले. साई लोनला म्हटलं, लिही. त्यानं मोठा कुंचला घेतला आणि हातभर उंचीची अक्षरं काढली — पूर्ण नाव, खुन थान हेइन.

"एवढी मोठी कशाला रे?"

"एवढी जागा आहे, काकू. आणि पोरगा काय लहान होता का?"

खळ मीच लावली. कडा मीच दाबल्या. मग तिथेच बसून रडले, लहान पोरीसारखी. मा न्वे शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिली आणि एक शब्द बोलली नाही. तिला ते किती जड गेलं असेल!

२१ नोव्हेंबर, बुधवार

गेलं! बदक गेलं वर!

थंडीनं बोटं वळत नव्हती. आम्ही खूश, जितकी थंडी तितकं बरं! मशाली धरल्या, ढोल सुरू झाले. पोट भरलं, मान वर आली. फुग्याच्या खालच्या तोंडाशी आगीची परडी लटकवली. दोरांना धरलेली पोरं ओढली जायला लागली, तेव्हा साई लोन ओरडला, "सोडा!"

बूड डुगडुगलं. मग सरळ वर! शेकडो माणसं मोबाईल वर धरून उभी. वरच्या आळीची पोरंसुद्धा नाचत होती. थान हेइनची अक्षरं बराच वेळ वाचता येत होती, मग नुसता पांढरा ठिपका. आग विझेपर्यंत आणि आतली हवा निवेपर्यंत ते वरच राहील. माझ्या डोळ्यांना तेवढं पुरलं.

हात जोडले. बुद्धाला, बदकाला, साई लोनला, मा न्वेला. आज छातीवरचं ओझं खरंच कमी आहे. माझा मुलगा गेला, असं आज पहिल्यांदा मनाशी म्हटलं. चालेल. त्याला एकट्याला नाही जावं लागलं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

परदेशातला नंबर. तोफू ढवळता ढवळता उचलला.

"आई, मला कुणी मारलं? इथं सगळे मला व्हिडिओ दाखवतायत! बदकाच्या ढुंगणावर माझं नाव!"

बोट बुडायच्या आधीच सोडली होती म्हणाला. पोलिसांच्या धरपकडीत सापडला, लाज वाटली, म्हणून फोन लांबवला, मग लांबवला म्हणून आणखी लाज वाटली. तोफू करपला. मला शिव्या आठवेनात.

"ते नाव खोडा आधी," म्हणतो. आता कुठून खोडू रे, गाढवा? ते गेलं वर!