आवाज बसला आणि जहाज आलं

१२ मे

आवाज गेला! मांजरीला हाकलायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. आणि उद्या कोतोरच्या बंदरात मोठं जहाज. त्यातली चाळीस माणसं माझ्या गळ्यात — आणि गळाच बसलेला!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही."

सहल कंपनीच्या दानिलोला मेसेज केला. उत्तर आलं — "रुझा, दुसरा गाइड नाही माझ्याकडे. तूच कुणीतरी बघ. गट परत गेला तर अख्खा सीझन गेला." म्हणजे मीही गेले.

संध्याकाळ

त्रिपोला विचारलं. दुसरं होतंच कोण? आगबोटीवर आचारी होता, इंग्रजी येतं, निम्मं शिव्यांचं. पिठाच्या चौकात, बरोबर त्याच्या खिडकीखाली, माझा गट थांबतो आणि तो वरून ओरडतो, "अगं ए, तुझी मेंढरं हाक पुढे! माणसानं झोपायचं कधी?" एकदा तर ओला शर्ट पिळला होता आमच्यावर.

कागदावर लिहून दाखवलं — उद्या माझ्याऐवजी बोलशील? इतका हसला की शेजारीण डोकावली.

"तू गप्प आणि मी बोलायचं? अगं, याचीच वाट बघत म्हातारा झालो!"

१३ मे

लग्नाकार्याचा सूट घालून आला. वेशीपाशी उभा राहून म्हणाला, "मी त्रिपो. मला पर्यटक आवडत नाहीत. चला." सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, गंमत!

मी मागून पाटी धरून. वाटलं, आता शिव्या सुरू होणार. पण कॅथीड्रलसमोर त्यानं सुरुवात केली आणि मी बघतच राहिले. भूकंप, व्हेनिसचे सरदार, चाच्यांची भीती — सगळं बरोबर. माझे विनोदसुद्धा! मी जिथे थांबते तिथेच थांबत होता.

मग 'जाऊ दे मला' नावाच्या चिंचोळ्या गल्लीतून शिरला तो थेट स्वतःच्या घरी. "खरं कोतोर इथं आहे." स्वयंपाकघरात मावतील तेवढे आत, बाकीचे जिन्यावर. गरम प्रिगानित्से, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मधात बुडवून हातोहात खालपर्यंत पोचवले. एक जर्मन बाई बाह्या सरसावून पीठ फेटायला लागली!

तेवढ्यात जहाजाचा भोंगा. कुणी हलेना. मला ओरडता येईना! शेवटी कढईवर झारा बडवला. बोटाला मध, तोंडात घास — अशी चाळीस माणसं धक्क्यावर पळवली. सगळी चढली. हुश्श!

घरी आले तर दानिलोचा मेसेज. "हा कोण? जहाजवाले पुढच्या प्रत्येक फेरीला यालाच मागतायत."

फोन उपडा ठेवला.

१४ मे

तो माझ्यापेक्षा चांगला बोलतो. थोडी रडले. आवाज नसला की रडणं सोपं जातं.

१५ मे

त्रिपो दानिलोला भेटून आला. स्वतःच सांगत होता, कॉफी ढवळत —

"म्हटलं, रुझा बरोबर असेल तरच. तो म्हणाला, पण ती तर बोलत नाही. म्हटलं, म्हणूनच!"

मेला! पण दानिलो कबूल झाला. दोघांना काम.

लिहून विचारलं — तुला हे सगळं पाठ कसं? त्यानं चमचा बशीत ठेवला.

"इतकी वर्षं खिडकीखाली बोलतेस. ऐकू येतं. हिवाळ्यात जहाजं नसतात, तेव्हा घर खायला उठतं मला."

मग एकदम चिडला. "आणि भूकंप फार घाईत उरकतेस तू! लोकांचं घर पडलं होतं, बाई. जरा दम धर!"

माझ्याकडे कागद होता, पेन होतं. लिहिलं — 'भूकंप: सावकाश.'

१८ मे

दुसरं जहाज. मी का बोलत नाही, असं एका आजीनं विचारलं. त्रिपो म्हणतो, "मुकी नाही, रुसलीय माझ्यावर." आजींनी त्याला भर चौकात झापला! "माफी माग आधी!" त्यानं टोपी काढून मागितली. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. कान लाल झाले — त्याचेही.

२० मे

आवाज आला. आरशासमोर 'त्रिपो' म्हणून पाहिलं. खणखणीत!

तो खाली उभा आहे. आवाज आलाय, हे आज त्याला सांगणार नाही.