फुलाफुलांचा पेला

प्रिय साखरबाई,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. लेकीच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना जाताना शिट्ट्या वाटायची कल्पना ज्या सुपीक डोक्यातून निघाली, त्या डोक्याला एकदा आमच्या एवढ्याशा खोलीत झोपवायला हवं. रविवारी तुझ्याकडून आल्यापासून माझी भिंगरी नुसती फुंकत होती. शेजारचे आजोबा दार उघडून आगगाडी आली की काय ते बघून गेले.

फुंकता फुंकता ऐटीत सांगत होती, की बाकी सगळ्यांना काचेचे पेले, मला एकटीलाच कागदी, फुलाफुलांचा. मावशीची मी लाडकी ना! मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवारपासून शिट्टी बंद आहे. शाळेत तुझ्या लेकीने तिला नीट समजावून सांगितलं. लहान पोर ती, घरात ऐकलं तेच बोलली: तुझी आई इस्पितळाच्या लाँड्रीत रोग्यांच्या चादरी धुते, म्हणून तुझं तोंड आमच्या पेल्यांना लागायला नको. मी कामावरून आले तर भिंगरी मोरीत बसून हात घासतेय. लालबुंद झालेले. अजून वास येतो का गं आई, म्हणून विचारतेय. माझी जीभ म्हणजे कात्री, असं तूच म्हणतेस ना? ती कात्री त्या वेळी कुठे गंजून पडली होती कोण जाणे. शेवटी मीही तिच्यासमोर फतकल मारली, तिचे हात नाकाशी धरले आणि म्हटलं, येतो की, साबणाचा येतो आणि डब्यातल्या केळ्याचा येतो. मग दोघींनी वडी झिजेपर्यंत फुगे काढले. हसली बिचारी. पण झोपताना तिने हळूच माझेही हात हुंगून पाहिले. दिवसभर साबणाच्या पाण्यात असतात ते. तुमच्या अख्ख्या जिन्यात याहून स्वच्छ हात दाखव मला! पण पोरीला आईचे हात तपासावेसे वाटले, हा संताप मी कुठल्या पाण्यात भिजत घालू?

दुसरी कुणी असती तर मी सरळ ओळख विसरले असते. पण भिंगरीच्या बाळंतपणात माझा ताप उतरेना, घरचे सगळे दाराशी थबकले, तेव्हा तू एकटी आत आलीस. माझे घाण झालेले कपडे तू आपल्या हातांनी बदललेस, तोंडाला पदरही लावला नाहीस. त्या बाईचं मी देणं लागत होते. म्हणून चारचौघींत न बोलता हे तुला एकटीला लिहितेय. माझं फिटलं. भिंगरीचं तुझ्याकडे राहिलं आहे.

तुझीच,
कात्री